रुसव्याचं गाव

नागम्मानं किल्ल्याच्या भिंतीला नख लावलं, खरवडलं आणि नखात आलेली पिवळी भुकटी अंगठ्यानं चोळून पाहिली.

“बेसन हाय,” ती म्हणाली. “वाईच तूप घातलं तर वड्या पडतील.”

गाइडला मराठी कळत नव्हतं. पण म्हातारीनं आपल्या किल्ल्याचं काहीतरी काढलंय एवढं त्याला कळलं, आणि तो आणखी जोरात सांगू लागला की माताजी, ये सोने का किला है, आठ सौ साल से ऊपर हो गए, आज भी अंदर लोग रहते हैं.

“आमच्या नळदुर्गाच्या किल्ल्याला नख लावून बग म्हणावं याला,” नागम्मा मुलाकडे वळली. “नख तुटंल, दगड न्हाय. आन् आमच्या किल्ल्यात पाणी भिंतीवरनं उडी मारतंय. इथं प्यायला तरी हाय का?”

माणिकप्पानं पाण्याची बाटली पुढं केली. झाकण उघडून दिलं.

चार दिवस हे असंच चाललं होतं. जयपुरातला महाल पाहून ती म्हणाली की दारंच एवढी असली तर सांजच्याला लावायची कुणी. जोधपुरात राण्यांच्या जाळीच्या खिडक्यांपुढं उभी राहून म्हणाली, “बाहेर बगायला एवढालीच भोकं? आमच्या बैलाच्या मुसक्याला ह्याच्यापरीस मोठी असत्यात.” एरवी अशा बोलण्यावर माणिकप्पा एकदा तरी चिडला असता. इथं तो हसत होता, मान डोलावत होता. गाडीत खिडकीची जागा तिला, हॉटेलात पंख्याखालची खाट तिला. सून राजेश्वरीनं निघताना कडक भाकरींची चळत आणि शेंगाचटणीचा डबा तिच्यासाठी वेगळा बांधून घेतला होता. नात भैरवी पुण्याहून येऊन मिळाली होती, आणि पायऱ्या आल्या की न सांगता दंडाला धरत होती.

नागम्माला यात वावगं काही वाटलं नव्हतं. त्र्याहत्तर वर्षांचं वय, घरात पहिला शब्द तिचा आणि शेवटचाही तिचा. शाळा दुसरीपर्यंतच झालेली. पण माणिकप्पाचं हायवेवरचं पंपांचं दुकान कुठल्या दिशेला तोंड करून असावं इथपासून राजेश्वरीनं कुठल्या सणाला कुठलं लुगडं नेसावं इथपर्यंत सगळं तिनंच ठरवलेलं. बापाच्या दिवसांनंतर पहिल्यांदाच त्या दुकानाचं शटर दहा दिवस खाली ओढलं गेलं, तेव्हा तिनं गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं, “लेक मला राजवाडे दाखवाया नेतोय. ज्याला लेक हाय त्यानं करून बगावं.”

गाइडला पैसे देऊन माणिकप्पानं वाटेला लावलं आणि तटाच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात सगळ्यांना बसवलं. आईची खुर्ची त्यानं रुमालानं पुसली. भैरवीनं मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. राजेश्वरी सगळ्यात कडेला, अर्ध्या खुर्चीवर बसली.

“अव्वा, एक बोलायचं होतं.”

“चार दिस झालं, तुज्या तोंडात कायतरी घोळतंय. थुक एकदाचं.”

“भैरवीचं जमवलंय.”

नागम्मानं कप खाली ठेवला. चेहरा उजळला आणि लगेच आवळला.

“माझ्या भावाकडचे येऊन गेले व्हय? मला न सांगता? आन् मल्लिनाथाला एवढी कसली घाई सुटली?”

“मल्लिनाथ न्हाय, अव्वा. लातूरचा मुलगा आहे. पुण्यात हिच्याच कंपनीत कामाला. त्याचे आईवडील घरी येऊन गेले.”

“कवा?”

माणिकप्पानं चहात साखर टाकली. त्यात आधीच होती.

“दसऱ्याच्या आधी. तू उमरग्याला गेलतीस तवा.”

तटाखालून कुणीतरी तुणतुण्यासारखं काहीतरी वाजवत होतं. नागम्मानं मुलाचं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, घरदार विचारलं नाही.

“आन् माझा शब्द?” ती म्हणाली.

हा शब्द चोवीस वर्षांचा होता. भैरवीच्या बारशाला नागम्मानं पोरीला पाळण्यातून उचललं, धाकट्या भावाच्या, गुरुसिद्धप्पाच्या मांडीवर ठेवलं आणि पाच माणसांत गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हटलं, “ही तुझ्या नातवाची, मल्लिनाथाची. तुझ्याकडनं एक आणली, माझ्याकडनं एक देते.” आणि त्याच्या तोंडात साखर घातली. आणली ती राजेश्वरी. गुरुसिद्धप्पाचीच लेक, नागम्माची सख्खी भाची आणि अठ्ठावीस वर्षांपासूनची सून. दोन्ही घरं अशी एकमेकांत विणलेली राहावीत, मधे तिसऱ्याचा धागा नको, एवढंच तिला आयुष्यात हवं होतं. उमरगा तिचं माहेर. ते नातीचं सासर झालं असतं म्हणजे तिच्या मागंही ते तिचंच राहिलं असतं.

“आज्जी,” भैरवी हळू आवाजात म्हणाली, “तो माझा सख्खा मामेभाऊ आहे. लहानपणापासून मी त्याला दादा म्हणते.”

“तुजी आईबी तुज्या बापाची मामेबहीणच हाय. काय वाईट झालं?”

राजेश्वरीनं कप बशीत एकदा फिरवला. भैरवीच्या आधी त्या घरात दोनदा पाळणा बांधला गेला होता आणि दोनदा सोडून माळ्यावर टाकला गेला होता. सोलापूरच्या डॉक्टरनं जवळच्या रक्ताचं काहीतरी सांगितलं होतं. नागम्मानं तेव्हा डॉक्टरला गाढवात काढलं आणि त्या गोष्टीचं नाव घरात पुन्हा कुणी घेतलं नाही.

नागम्मा उठली. कापडी पिशवी खांद्याला लावली, पदर खोचला आणि निघाली.

हे निघणं सगळ्यांच्या ओळखीचं होतं. नवऱ्यानं न विचारता टीव्ही आणला तेव्हा ती निघाली होती. दुकानाची पाटी बदलली तेव्हा निघाली होती. राजेश्वरीनं आमटीत चिंचेऐवजी टोमॅटो घातला, त्याही दिवशी. पिशवीत दोन लुगडी, नळदुर्गच्या स्टँडवर उमरग्याची एसटी आणि तासाभरात भावाच्या ओट्यावर. तिथं बसून ती घोटभर पाणी प्यायची, सगळी हकिगत पहिल्यापासून सांगायची आणि माणिकप्पा न्यायला येईपर्यंत परतीचं नाव काढायची नाही. तो यायचाच. कधी दोन दिवसांनी, कधी आठ. खाली मान घालून उभा राहायचा. मग ती चपला पायात सरकवायची.

किल्ल्याचा फरसबंद उतार तिनं तरातरा उतरला. एक दरवाजा, वळण, दुसरा दरवाजा. दोन्ही बाजूंना कळसूत्री बाहुल्या, उंटाच्या कातड्याच्या चपला, आरशांची लुगडी. मागून “अव्वा, अव्वा” अशी हाक येईल म्हणून तिचे कान पाठीला लागले होते. शेवटच्या दरवाज्याशी ती थांबली. दम लागल्यासारखं केलं. मान वळवून वर पाहिलं.

तटाच्या कठड्याआड चहाच्या दुकानाची छत्री दिसत होती आणि तिच्याखाली माणिकप्पाची पाठ. तो बसून होता.

दरवाज्याबाहेरच्या रिक्षावाल्यानं विचारलं, “कहाँ जाना है, माताजी?”

“उमरगा,” नागम्मा म्हणाली.

तोंडातून गेलं आणि मग तिनं ते ऐकलं. रिक्षावाला वाट पाहत होता. “होटल है क्या? पास में है?”

तिच्यासमोर गाव होतं, तेही भिंतीच्याच रंगाचं. गावापलीकडं रेती, रेतीत खुरटी झुडपं आणि पार क्षितिजावर पवनचक्क्यांची रांग. तशा पवनचक्क्या धाराशिवच्या डोंगरावरही फिरतात. क्षणभर तिला वाटलं, त्यांच्या मागं बालाघाटाचा उतार असेल आणि उताराला हायवे. मग वाटणं ओसरलं. इथून कुठलीच गाडी उमरग्याला जात नव्हती, आणि हे वर बसलेल्या माणसाला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तो उठला नव्हता.

महाल दाखवायला न्हाय आणलं. जिथनं रुसून जाता येत न्हाय, तिथं आणून सांगितलं.

रिक्षावाल्याला हातानंच नको म्हणून ती दरवाज्याच्या सावलीतल्या दगडावर बसली. पिशवीतून बटणांचा फोन काढला. दोन आकडा दाबून धरला की गुरुसिद्धप्पाला लागतो, हे तिला पाठ होतं. गुरूला कळलं की तो आजच्या आज माणिकप्पाला फोन करील. असा झाडील की ह्या सगळ्यांची आज रात्रीची गाडी निघंल परत. पहिलं वाक्य तिनं मनात जुळवून ठेवलं.

“अक्का?” पलीकडून आवाज आला. “सांगितलं का त्यांनी?”

जुळवलेलं वाक्य तोंडातच राहिलं.

“काय सांगितलं?” तिनं विचारलं.

तिकडं कुणीतरी टीव्हीचा आवाज बारीक केला.

“तुला ठावं व्हतं, गुरू,” ती म्हणाली.

“अक्का, ऐक. राजी आलती श्रावणात. म्हणली, अप्पा, माझ्या पोरीला त्या शब्दातनं सोडा. रडली. म्या काय म्हणावं? मल्लूचंबी मन नव्हतं. त्याला ती बहिणीसारखी.”

“साखर तू खाल्लीस.”

“व्हय.”

“थुकायची व्हती तर माझ्यापुढं थुकायची.”

“तोंड कुठं व्हतं तुला सांगाया?” गुरुसिद्धप्पाचा आवाज चिरकला. “म्याच माणिकला म्हणलं, अक्काला लांब ने कुठंतरी, चार गावं दाखव आन् तिथं सांग. हितं सांगितलं असतं तर तू माझ्याच ओट्यावर येऊन बसली असतीस. मग म्या कुणाच्या ओट्यावर जाऊ?”

श्रावण. म्हणजे दसऱ्याच्या आधी ती आठ दिवस त्या ओट्यावर बसली होती तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. तो रोज संध्याकाळी समोर बसून तिचं गाऱ्हाणं ऐकत होता. पाचव्या दिवशी कधी नव्हे ते तीच म्हणाली होती, जाते आता, पोरानं यायची वाट किती बगू. तेव्हा त्यानं तिचा हात धरला होता. “अजून दोन दिस ऱ्हा की, अक्का. माझंच मन लागत न्हाय तू गेल्यावर.” तिला केवढं बरं वाटलं होतं. गल्लीत सांगितलं होतं तिनं, भाऊ सोडतच नव्हता म्हणून.

त्या दोन दिवसांत लातूरची माणसं नळदुर्गात तिच्या सोप्यावर बसून चहा पीत होती.

आई गेली तेव्हा गुरू दीड वर्षाचा होता आणि ती सात वर्षांची. भाकरी आधी आपल्या तोंडात मऊ करायची आणि मग त्याच्या तोंडात घालायची.

“अक्का? हाईस का?”

“जेवलास का?” तिनं विचारलं.

“न्हाय अजून.”

“जेव,” ती म्हणाली आणि लाल बटण दाबलं.

राजेश्वरी एकटीच उतरून आली. चार हात लांब उभी राहिली. सासू-सून दोघी एकाच घरात जन्मलेल्या. दोघींचं कपाळ एकसारखं, उभं राहताना एक पाय पुढं टाकायची सवयही एकसारखी.

“आत्या, ऊन लागंल. वर चला.”

“माझ्या भावाला फोडलंस.”

“माझे अप्पा हायती ते.”

ती हे भांडायच्या सुरात बोलली नव्हती. नागम्मानं तिच्याकडं नीट पाहिलं. अठ्ठावीस वर्षांत या बाईनं तिला उलट उत्तर दिल्याचं आठवत नव्हतं.

“लोक म्हणायचे, नागम्माची सून लई सोशीक. कवा रुसून माहेरी गेली न्हाय. मीबी छाती पुढं काढून सांगायची. आन् तू आतनं भुंग्यावानी पोखरीत व्हतीस.”

राजेश्वरीनं पदरानं मानेचा घाम पुसला. परदेशी पाहुण्यांचा एक घोळका दरवाज्यातून आत आला, म्हणून ती भिंतीशी सरकली. तो गेल्यावर म्हणाली, “जायचं असायचं, आत्या. पिशवीबी भरायचे मी.”

“मग?”

“तुम्ही गेलेल्या असायच्या.”

नागम्मानं मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

“तुम्ही ओट्यावर बसलेल्या असताना मी तिथं येऊन काय सांगणार? आन् कुणाला?” राजेश्वरी उताराच्या दगडांकडं बघत बोलत होती. “दुसरं बाळ गेलं तवा स्टँडवर येऊन बसले व्हते. अंगातनं दूध येत व्हतं. तिथं शेजारच्या धोंडीबानं सांगितलं, तुमची सासू सकाळच्या गाडीनंच गेली उमरग्याला. मग आले परत. स्वयंपाक राहिला व्हता.”

त्या वेळी आपण कशावरून रुसलो होतो, ते नागम्मा आठवू लागली. खूप वेळ आठवत राहिली. आठवेना.

वर जाताना राजेश्वरीनं हात पुढं केला. तो न धरता ती भिंतीच्या आधारानं चढली.

पुढचे तीन दिवस बिकानेरच्या राजवाड्यात, वाटेतल्या देवळांत आणि रेल्वेत तिनं कशालाच नावं ठेवली नाहीत. चांदीचा पाळणा पाहिला, हत्तीवरची अंबारी पाहिली, तलवारी पाहिल्या. माणिकप्पा मुद्दाम म्हणाला, “अव्वा, ही तलवार बग, आपल्या विळ्याएवढीबी न्हाय.” ती पुढच्या दालनात गेली. भैरवी एकदा शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “आज्जी, शिव्या तरी दे.” नागम्मानं तिच्या केसांत अडकलेलं कुसळ काढलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

सोलापूरला सकाळी उतरून त्यांनी उमरगा गाडी पकडली. वाटेत नळदुर्ग, पुढं उमरगा, नेहमीची गाडी. माणिकप्पानं सामान वर चढवलं आणि कंडक्टर आला तशी चार बोटं दाखवली.

“चार नळदुर्ग.”

“तीन,” नागम्मा म्हणाली. “एक उमरगा.”

माणिकप्पाचा हात खिशातच थांबला. चेहरा पडला, आणि त्यात थोडी सुटकाही होती. असं असेल तर पुढचं त्याला माहीत होतं.

“अव्वा, एवढा परवास झालाय. आधी घरी चल. मग दोन दिसांनी मी स्वतः सोडतो तुला मामाकडं.”

“मला न्हाय. हिला.”

राजेश्वरीनं दचकून वर पाहिलं. “मला? आत्या, मी कशाला? घरी दहा दिसांचं सगळं तसंच पडलंय, कपडे—”

“कशाला ते मला नगं सांगू. ज्याला सांगायचं त्याला जाऊन सांग. पहिल्यापासनं सांग. ह्यो न्यायला आल्याबिगर उठू नगं. लगोलग आला तर उठू नगं.”

“आत्या, तुम्ही रागावून मला—”

“रागावलेच हाय.”

कंडक्टर मशीन हातात धरून उभा होता. “ठरवा की लवकर, आज्जी.”

“ठरलंय,” नागम्मा म्हणाली.

माणिकप्पा एकदा आईकडं, एकदा बायकोकडं बघत राहिला. तांदूळवाडीच्या पुढं तिनं हळूच विचारलं, “अप्पांना तुमचं काय सांगू?”

नागम्मानं समोरच्या सीटची दांडी घट्ट धरली.

“कायबी नगं सांगू,” ती म्हणाली.

नळदुर्गला तिघं उतरली. भैरवीनं बॅगा घेतल्या, माणिकप्पा रिक्षा बघायला पुढं गेला. ड्रायव्हरनं गाडी मागं घेतली तशी राजेश्वरी खिडकीशी सरकली. पदर डोक्यावर घेतला आणि मग तो वाऱ्यानं पडला तसा पडू दिला. नागम्मा स्टँडच्या कठड्याशी उभी राहिली. उमरग्याची गाडी फाटकातून बाहेर पडली, हायवेला लागली आणि ट्रकांच्या रांगेत शिरली. ती गाडी मागून कशी दिसते, हे तिनं इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं.